तोट्यातला आखाडा कुणाला हवा असतो?

आज आपल्याला एका साध्या प्रश्नाचा माग काढायचा आहे. व्यावसायिक कुस्तीची एखादी कंपनी तोट्यात चाललेली असते. एखादं वर्ष नव्हे, पाच-दहा वर्षं. हे सगळ्यांना दिसत असतं, छापून येत असतं, खुद्द पैलवानांनाही ठाऊक असतं. तरी ती विकत घ्यायला कुणीतरी पैसेवाला पुढे येतो. तो दमला की दुसरा येतो. का?

आधी एक खुलासा करून टाकू, म्हणजे नंतर गोंधळ नको. आपण मातीतल्या किंवा मॅटवरच्या कुस्तीबद्दल बोलत नाही आहोत. जिच्यात निकाल आधी ठरलेला असतो, पण दणके आणि दुखापती खऱ्या असतात, ती ही कुस्ती. नव्वदच्या दशकात केबल आल्यावर आपल्याकडच्या पोरांनी जी डोळे फाडून बघितली आणि जिची 'ट्रम्प कार्डं' दप्तरात सापडली की मास्तर जप्त करायचे, तीच. 'ते सगळं खोटं असतं' हे वाक्य एकदाच म्हणून संपवू. नाटकही खोटंच असतं. नाटक कंपनीच्या मालकाबद्दल बोलताना आपण त्यावर वेळ घालवत नाही, इथंही घालवायला नको.

तर, का? या प्रश्नाला दोन तयार उत्तरं आहेत. पहिलं मालक स्वतः देतात आणि चाहते मान डोलावतात: हौस. लहानपणापासून कुस्तीचं वेड, आजोबांबरोबर टीव्हीसमोर बसणं वगैरे. हौसेला मोल नसतं, असं आपणही म्हणतोच. दुसरं उत्तर धंद्यातले लोक देतात, जरा हळू आवाजात. त्यांच्याकडे शब्द आहे 'मनी मार्क'. अमेरिकेतल्या जत्रांमध्ये खेळ लावणारे ज्या गिऱ्हाइकाला गंडवायचं त्याला 'मार्क' म्हणायचे, आणि तिथून तो शब्द कुस्तीत आला. मनी मार्क म्हणजे पैसेवाला मार्क. आपल्या भाषेत, बकरा.

आम्हाला ही दोन्ही उत्तरं आळशी वाटतात. दोन्ही मालकाच्या स्वभावाकडे बघतात, वहीकडे बघत नाहीत. हौसेचं उत्तर मालकाला सुखावतं, बकऱ्याचं उत्तर बाकी सगळ्यांना सुखावतं. पण ज्यांना हौसही फारशी नव्हती आणि ज्यांना बकरा म्हणण्याची कुणाची छाती झाली नसती, अशा माणसांनीही या कंपन्या घेतल्या आणि वर्षानुवर्षं पोसल्या. त्यांचं काय करायचं?

टेड टर्नर यांचंच घ्या. १९७० मध्ये त्यांनी अटलांटातलं १७ क्रमांकाचं एक पडीक टीव्ही केंद्र विकत घेतलं. दाखवायला होतं काय? जुने सिनेमे, जुन्या मालिकांचे भाग आणि कुस्ती. जॉर्जियातली स्थानिक कुस्ती याच वाहिनीच्या स्टुडिओत व्हायची. मध्ये एक रिंग, बाजूला थोडी माणसं, बस्स. खर्च किरकोळ आणि बघणारे पुष्कळ. १९७६ च्या डिसेंबरात ही वाहिनी उपग्रहावरून देशभर दिसायला लागली आणि तिच्यासोबत शनिवार संध्याकाळची कुस्तीही गावोगाव पोचली. त्याच वर्षी टर्नर यांनी अटलांटा ब्रेव्हज हा बेसबॉलचा संघ घेतला. संघ सपाटून हरत होता. पण बेसबॉलच्या हंगामात एका संघाचे १६२ सामने होतात. वाहिनीच्या मालकाच्या डोळ्यांनी बघा: हरो की जिंको, १६२ सामने म्हणजे शेकडो तासांचा भरणा, आणि त्याचे हक्क दुसऱ्या कुणाकडून दरवर्षी विकत घ्यायला नकोत.

कुस्तीबाबत हेच झालं, फक्त थोडं उशिरा. १९८४ मध्ये व्हिन्स मॅकमॅहन यांनी जॉर्जियाच्या त्या कंपनीचे समभाग गोळा केले आणि शनिवारची वेळ ताब्यात घेतली. १४ जुलैला लोकांनी टीव्ही लावला तर नेहमीचे पैलवान गायब, समोर मॅकमॅहन. कुस्तीच्या इतिहासात त्याला 'काळा शनिवार' म्हणतात. प्रेक्षकांनी वाहिनीकडे तक्रारींचा भडिमार केला. पुढच्या वर्षी ती वेळ नॉर्थ कॅरोलायनाच्या जिम क्रॉकेट यांच्याकडे गेली. क्रॉकेट मॅकमॅहनशी बरोबरी करायच्या नादात कर्जात बुडाले, आणि १९८८ च्या नोव्हेंबरात टर्नर यांच्या कंपनीनं त्यांची कुस्ती विकत घेतली. तीच पुढे डब्ल्यूसीडब्ल्यू म्हणून ओळखली गेली.

आता ही खरेदी कुस्तीच्या वहीत बघितली तर वेडेपणा आहे. पुढची काही वर्षं नुसता तोटा. टर्नर यांच्या कार्यालयातल्या अनेक साहेब लोकांना हे प्रकरण नकोच होतं. टायवाल्यांच्या मजल्यावर लंगोटवाले कशाला, असा भाव. (हशा) पण वाहिनीची वही उघडा. तिथं शनिवारची ती वेळ, ते बघणारे, ते जाहिरातदार, सगळं जमेच्या बाजूला. एका वहीतला खर्च दुसऱ्या वहीतलं भांडवल होता. वाहिनी आणि आखाडा एकाच मालकाचे असतील तर आखाड्याचा तोटा म्हणजे नेमकं काय, हे ठरवणं सोपं नाही. मुनीम ठरवेल ते खरं.

पुढची गोष्ट तुमच्यापैकी बऱ्याच जणांना माहीत असेल, म्हणून भरभर जाऊ. सप्टेंबर १९९५ मध्ये 'नायट्रो' हा सोमवारचा कार्यक्रम सुरू झाला. १९९६ च्या उन्हाळ्यापासून १९९८ च्या एप्रिलपर्यंत, ऐंशीहून जास्त आठवडे, त्यानं मॅकमॅहनच्या कार्यक्रमाला मागे टाकलं. मग घसरण. २००० साली तोटा सहा कोटी डॉलरच्या घरात गेल्याचं प्रसिद्ध झालं. आणि मार्च २००१ मध्ये सगळं आटोपलं. साधारण असं सांगितलं जातं की वाईट कथानकं, म्हातारे तारे आणि उधळपट्टी यांनी डब्ल्यूसीडब्ल्यू मारली.

आमचं म्हणणं वेगळं आहे. कथानकं वाईट होती, याबद्दल वाद नाही. पण तोट्यानंच मरायचं असतं तर ती कंपनी १९९० मध्येच मेली असती. २००१ पर्यंत काय बदललं होतं? मालक. १९९६ मध्ये टर्नर यांचं साम्राज्य टाइम वॉर्नरमध्ये विलीन झालं, २००१ च्या सुरुवातीला टाइम वॉर्नर आणि एओएल एक झाले, आणि टर्नर नावापुरते उरले. नवे प्रमुख जेमी केलनर आले आणि त्यांनी दोन्ही वाहिन्यांवरून कुस्ती काढून टाकली. त्यांना ज्या तऱ्हेच्या वाहिन्या चालवायच्या होत्या त्यांत कुस्ती बसत नव्हती.

यावर कुणी म्हणेल, सहा कोटींचा तोटा असताना कुणीही हेच केलं असतं. पण क्रम नीट बघा. त्या वेळी एरिक बिशॉफ आणि त्यांचे भांडवलदार ही कंपनी, तोट्यासकट, घ्यायला तयार होते. बोलणी बरीच पुढे गेली होती. ते मागे फिरले ते वाहिनीवरची वेळ जाणार हे कळल्यावर. म्हणजे तोटा त्यांना माहीत होता आणि चालत होता. वेळ नसलेली कंपनी मात्र त्यांच्या लेखी शून्य होती. मग मॅकमॅहन यांनी नावं, चित्रफितींचा संग्रह आणि काही पैलवानांचे करार घेतले, प्रसिद्ध झालेल्या आकड्यांनुसार पन्नास लाख डॉलरच्याही आत. २६ मार्चला फ्लोरिडातल्या पनामा सिटी बीचवर शेवटचा कार्यक्रम झाला. त्या दिवसापर्यंत लाखो लोक दर सोमवारी तो बघत होते. प्रेक्षक गेला नव्हता, मालकाचा हेतू गेला होता.

त्या आठवड्यात कुणाचं काय झालं, तेही बघायला हवं. स्टिंग, गोल्डबर्ग, केव्हिन नॅश यांच्यासारख्या मोठ्या नावांचे करार डब्ल्यूसीडब्ल्यूशी नव्हते, वरच्या कंपनीशी होते. ते घरी बसून ठरलेले पैसे घेऊ शकले. खालच्या फळीतल्यांना ती सोय नव्हती. त्यांना मॅकमॅहननी उचललं तर ठीक, नाहीतर रस्ता मोकळा. अमेरिकेत या पैलवानांची नोंद बहुतेक ठिकाणी नोकर म्हणून नसते, स्वतंत्र कंत्राटदार म्हणून असते. संघटना नाही, निवृत्तिवेतन नाही. मालकाच्या दुसऱ्या वहीत काय चाललंय हे त्यांना कुणी दाखवत नाही, आणि त्यांची रोजीरोटी नेमकी त्या दुसऱ्या वहीवर उभी असते.

आता आजच्या मुख्य प्रकरणाकडे येऊ: टीएनए. मोठी स्पर्धक कंपनी बंद पडल्यावर जेरी जॅरेट आणि त्यांचा मुलगा जेफ या बापलेकांनी २००२ मध्ये ही काढली. पहिला कार्यक्रम १९ जूनला अलाबामातल्या हंट्सव्हिल इथं. वाहिनी मिळत नव्हती म्हणून त्यांनी वेगळी युक्ती केली. दर आठवड्याला घरबसल्या पैसे भरून बघायचा कार्यक्रम, किंमत दहा डॉलरला पाच सेंट कमी. युक्ती चालली नाही. काही महिन्यांतच त्यांचा भांडवलदार निघून गेला.

तेव्हा कंपनीच्या प्रसिद्धीचं काम डिक्सी कार्टर नावाच्या बाईंकडे होतं. नॅशव्हिलमध्ये त्यांचा स्वतःचा छोटा प्रसिद्धीचा व्यवसाय होता आणि टीएनए हे त्यांचं एक गिऱ्हाईक. त्यांचे वडील बॉब कार्टर डॅलसच्या पँडा एनर्जीचे संस्थापक. ही कंपनी वीजकेंद्रं उभारायची. कुस्तीशी काडीचा संबंध नाही. २००२ च्या ऑक्टोबरात पँडानं टीएनएचा ७१ टक्के हिस्सा घेतला. छापून आलेली किंमत अडीच लाख डॉलर. वीजकेंद्र उभारणाऱ्याला ही रक्कम म्हणजे चहापाण्याचा खर्च. पुढच्या वर्षी डिक्सी कार्टर अध्यक्ष झाल्या.

इथं टीकाकारांनी आणि चाहत्यांनी जे केलं त्यावर आम्हाला जरा थांबायचं आहे. 'बापाच्या पैशावर खेळणारी लेक' ही त्यांची प्रतिमा जी पक्की झाली, ती शेवटपर्यंत पुसली गेली नाही. आता बघा, व्हिन्स मॅकमॅहन यांनी आपली कंपनी १९८२ मध्ये कुणाकडून घेतली? वडिलांकडून. जेफ जॅरेट कुणाबरोबर उभे राहिले? वडिलांबरोबर. २०१९ मध्ये टोनी खान यांनी एईडब्ल्यू काढली तीही अब्जाधीश वडिलांच्या पाठबळावर. या सगळ्या धंद्यात बापाचा पैसा हा अपवाद नाही, रिवाज आहे. पुरुषानं तो लावला की दूरदृष्टी, बाईनं लावला की हौस. डिक्सीबाईंवर टीका करायची तर या कारणासाठी नको. टीका करायला दुसरं सबळ कारण आहे.

पहिली सहा-सात वर्षं त्यांचा हेतू साधा दिसतो: ही कंपनी टिकली पाहिजे. त्या हेतूला चांगली कुस्ती लागत होती, कारण त्यांच्याकडे विकायला दुसरं काही नव्हतं. म्हणून सहा कोनी रिंग आली, चपळ आणि हलक्या पैलवानांचा 'एक्स डिव्हिजन' वाढला, ए. जे. स्टाइल्स आणि समोआ जो यांच्यासारखी माणसं तिथं घडली. २००५ च्या ऑक्टोबरात स्पाइक टीव्हीवर जागा मिळाली. चित्रीकरण ऑरलँडोच्या युनिव्हर्सल स्टुडिओत व्हायचं आणि तिथं प्रवेश फुकट होता. फिरायला आलेली माणसं पाळण्यात बसून झाल्यावर कुस्तीला येऊन बसायची. तिकीटविक्री जवळपास नाही, म्हणजे कंपनीचा जीव वाहिनीच्या पैशावर आणि डॅलसच्या पाकिटावर. तरी कुस्ती उत्तम होती. आमच्या मते २००५ ते २००८ मधला टीएनए ही त्या काळातली अमेरिकेतली सगळ्यांत जिवंत कुस्ती होती.

मग हेतू बदलला. टिकणं पुरेना, मोठं दिसणं हवंसं झालं. २००९ च्या ऑक्टोबरात हल्क होगन आणि एरिक बिशॉफ यांना आणलं गेलं. ४ जानेवारी २०१० ला, सोमवारी, मॅकमॅहनच्या कार्यक्रमासमोर थेट प्रक्षेपण झालं आणि त्या रात्री बावीस लाखांच्या आसपास लोकांनी ते बघितलं. विक्रमच होता. मार्चपासून कायमचं सोमवारी हलायचं ठरलं. 'कायमचं' म्हणजे मे महिन्यापर्यंत. मे मध्ये मुकाट्यानं पुन्हा गुरुवारी. सहा कोनी रिंग होगन आल्या आल्याच गेली होती.

आमचा मुद्दा होगनचा नाही. मालकाचा हेतू शुद्ध आहे की नाही, हे विचारून फारसं काही हाती लागत नाही. विचारायला हवं ते वेगळं: या हेतूला चांगली कुस्ती लागते का? कंपनी टिकवण्याच्या हेतूला लागत होती. मोठं दिसण्याच्या हेतूला लागत नाही. त्याला लागतात ओळखीचे चेहरे, आणि ते विकत मिळतात. जे घडवावं लागतं त्यापेक्षा जे विकत मिळतं ते मालकाला नेहमीच जास्त आपलं वाटतं. ज्याला कंपनीनं घडवलं त्या ए. जे. स्टाइल्सचा करार २०१३ च्या शेवटी संपला आणि नव्या करारावर एकमत झालं नाही. तो जपानला गेला आणि तिथून जगभर नाव करून मॅकमॅहनकडे.

याच दरम्यान मालकीणबाई स्वतः पडद्यावर आल्या. अमेरिकन कुस्तीत दुष्ट मालक हे पात्र मॅकमॅहननी रूढ केलं, पण ते मुळात नट होते. कार्टरबाई नव्हत्या. त्यांचं पात्र काय करायचं? कंपनी चुकीची चालवायचं, लोकांना काढून टाकायचं, वर हसायचं. ऑगस्ट २०१४ मध्ये न्यूयॉर्कच्या मॅनहॅटन सेंटरमधला भाग दाखवला गेला. त्यात बुली रे नावाच्या पैलवानानं त्यांना उचलून टेबलावर आपटलं, टेबल मोडलं, आणि प्रेक्षक वेडेपिसे झाले. चित्रीकरण जूनमधलं होतं. जून आणि ऑगस्टच्या मध्ये, जुलैच्या शेवटी, स्पाइक टीव्ही करार पुढे चालवणार नाही ही बातमी फुटली. म्हणजे टीव्हीवर लोक खोट्या मालकिणीला शिक्षा होताना बघत होते आणि खऱ्या मालकिणीच्या हातून वाहिनी निसटली होती. व्यावसायिक कुस्तीत खरं आणि खोटं इतकं शेजारी क्वचित बसलं असेल. आम्हाला तो प्रसंग उत्तम वाटतो आणि तितकाच केविलवाणाही. पैसे घालणाऱ्याला शेवटी रिंगमध्येच जागा हवी असते, मग ती मार खाण्याची का असेना.

यात पुण्याचा संबंध कुठं येतो, ते सांगायलाच हवं. २०१२ च्या जानेवारीत 'कलर्स' वाहिनीवर 'रिंग का किंग' हा हिंदी कार्यक्रम सुरू झाला. एंडेमॉल आणि टीएनए यांनी मिळून केलेला, शनिवार-रविवार, एकूण २६ भाग. चित्रीकरण पुण्यात, बालेवाडीच्या क्रीडासंकुलात. १९९४ च्या राष्ट्रीय क्रीडास्पर्धांसाठी उभारलेलं तेच संकुल. हरभजन सिंग प्रचाराला होते आणि पडद्यामागची सूत्रं जेफ जॅरेट यांच्याकडे. वाहिनीला आठवड्याच्या शेवटी दाखवायला काहीतरी वेगळं हवं होतं, टीएनएला परदेशात आपलं कसब विकायचं होतं. दोघांचे हेतू २६ भागांपुरते जुळले. एप्रिलमध्ये हंगाम संपला आणि दुसरा आलाच नाही. त्यातला महाबली वीरा पुढे महाबली शेरा या नावानं टीएनएत गेला, पण इथं तयार झालेल्या बाकीच्या पोरांना जायला दुसरी कंपनीच नव्हती. मालक बदलल्यावर, २०१७ च्या मे महिन्यात, कंपनी मुंबईत येऊन चित्रीकरण करून गेली. वॉशिंग्टनकडे वाढलेला सोंजय दत्त तेव्हा मुंबईच्या रिंगमध्ये एक्स डिव्हिजनचा विजेता झाला. तेही तेवढंच.

इथं कुणाला कोल्हापूरची आठवण येणं साहजिक आहे. शाहू महाराजांनी १९१२ मध्ये खासबाग मैदान उभं केलं, तालमी चालवल्या, पैलवानांचा खुराक दिला. त्यातही दरबाराची प्रतिष्ठा होतीच, नुसता परोपकार नव्हता. पण त्या प्रतिष्ठेला चांगला पैलवान लागत होता. नाव विकत आणून ती मिळत नव्हती, मैदानात चितपट झालं की गावभर कळायचं. तुलना याहून पुढे ताणू नये, दोन्ही गोष्टींची जात वेगळी आहे.

परत नॅशव्हिलला येऊ. २०१५ मध्ये टीएनए स्पाइकवरून एका फारच लहान वाहिनीवर गेली, वर्षभरात तीही सुटली, मग आणखी एक. डॅलसचा झरा आटत गेला आणि कर्ज सुरू झालं. पैलवानांचे पैसे उशिरा मिळत असल्याच्या बातम्या याच काळातल्या. 'स्मॅशिंग पम्पकिन्स' या रॉक बँडचे बिली कॉर्गन हे लहानपणापासूनचे कुस्तीवेडे. ते आधी लेखनविभागात आले, मग पैसे उसने दिले, मग ऑगस्ट २०१६ मध्ये अध्यक्ष झाले आणि ऑक्टोबरमध्ये त्यांनी कंपनीवरच दावा लावला. कंपनी दिवाळखोर आहे, त्यामुळे करारानुसार ताबा माझा, असं त्यांचं म्हणणं. नॅशव्हिलच्या न्यायालयानं मनाई हुकूम नाकारला. पुढच्या वर्षी कॉर्गन यांनी १९४८ पासूनचं जुनं नाव, एनडब्ल्यूए, विकत घेतलं. तेव्हा त्यात एक पट्टा आणि एक नाव याखेरीज फारसं काही उरलेलं नव्हतं. सगळ्या मालकांत खरा हौशी कुणी म्हणाल तर हे. आणि गंमत बघा, हौशी माणसाला जिवंत कंपनी मिळाली नाही, नाव मिळालं.

जिवंत कंपनी मिळाली सावकाराला. कॅनडातल्या अँथम स्पोर्ट्स अँड एंटरटेनमेंटनं टीएनएला पैसे दिले होते. कॉर्गन यांचं देणं मिटवून जानेवारी २०१७ मध्ये अँथमनं ८५ टक्के हिस्सा घेतला, कार्टरबाईंकडे ५ टक्के उरला. जमीन गहाण, मग व्याज, मग सातबारावर सावकाराचं नाव, ही गोष्ट आपल्याकडे वेगळी सांगायला नको. आणि अँथमला ती का हवी होती? लेनर्ड अॅस्पर यांची ही कंपनी वाहिन्या चालवते. 'फाइट नेटवर्क' त्यांचीच. दर आठवड्याचे नवे तास, शिवाय २००२ पासूनच्या चित्रफितींचा साठा. २०१९ मध्ये त्यांनी एएक्सएस टीव्ही ही अमेरिकन वाहिनी ताब्यात घेतली आणि लगेच कुस्ती तिच्यावर नेली. १९७६ सालचा टर्नर यांचाच हिशोब, फक्त लहान वहीत.

वाहिनीच्या मालकाची कुस्ती कशी संपते, याचं एक उदाहरण घाईनं सांगतो. सिंक्लेअर ही अमेरिकेत ठिकठिकाणची टीव्ही केंद्रं बाळगणारी कंपनी. तिनं २०११ मध्ये रिंग ऑफ ऑनर विकत घेतली. दहा वर्षं रात्री-अपरात्री भरणा म्हणून वापरली. २०२१ च्या शेवटी सगळ्या पैलवानांचे करार संपवले आणि तीन महिन्यांत नाव टोनी खान यांना विकून टाकलं. भरणा म्हणून जे घेतलं जातं त्याला भरण्यापुरतीच किंमत असते.

उलट उदाहरण जपानमधलं. न्यू जपान प्रो-रेसलिंग ही अँटोनियो इनोकी यांची कंपनी २००५ च्या सुमारास डबघाईला आली होती. इनोकींचा हिस्सा युक्स या व्हिडिओ गेम बनवणाऱ्या कंपनीनं घेतला. २०१२ च्या जानेवारीत तिच्याकडून बुशीरोडनं पन्नास कोटी येनला कंपनी घेतली. बुशीरोडचा धंदा कसला? खेळायच्या पत्त्यांचा. लहान मुलं आणि बरीच मोठी माणसं जमवतात आणि बदलतात, त्या पत्त्यांचा. हेतू इथंही बाहेरचाच होता, कुस्तीवरचं प्रेम विकायला काढून पत्ते खपवायचे. पण पत्त्यावरचा पैलवान लोकांना आवडत नसेल तर पत्ता कोण घेणार? या हेतूला चांगली कुस्ती लागत होती. म्हणून त्यांनी जाहिरातींवर पैसा घातला, टोकियोच्या लोकलमध्ये पैलवानांचे चेहरे झळकले, ओकाडासारखा तरुण पोरगा पुढे आणला गेला. पुढच्या पाच-सात वर्षांत ती कंपनी जगातल्या रसिकांनी डोक्यावर घेतली. मालक कुस्तीसाठी झुरत होता म्हणून नव्हे, त्याला पत्ते विकायचे होते म्हणून.

या कसोटीवर अँथम कुठं बसते? अर्धवट. कुस्ती अगदी वाईट झाली तर तासांनाही गिऱ्हाईक नाही, तेव्हा तितपत चांगली लागते. त्याहून जास्त लागत नाही. कंपनी मेली नाही, हे अँथमचं खरं कर्तृत्व आहे आणि ते मान्य करायला हवं. चाहत्यांनी दरवर्षी तिचा मृत्युलेख लिहिला, दरवर्षी फाडावा लागला. पण २०२४ च्या फेब्रुवारीत, टीएनए हे जुनं नाव वाजतगाजत परत आणल्यानंतर काही आठवड्यांतच, अध्यक्ष स्कॉट डी'अमोर यांना काढण्यात आलं. कुस्तीच्या बाजूनं कंपनी उभी करणारे ते गृहस्थ होते. पैलवानांना तो धक्का होता. ज्यांनी वह्या बघितल्या होत्या त्यांना नसावा.

आणि आता २०२५ च्या जानेवारीपासून टीएनए आणि डब्ल्यूडब्ल्यूई यांच्यात अनेक वर्षांचा करार आहे. डब्ल्यूडब्ल्यूईचे शिकाऊ पैलवान टीएनएच्या रिंगमध्ये येऊन खेळतात, टीएनएचे तिकडे जातात. मॅकमॅहनला टक्कर द्यायला जॅरेट बापलेकांनी काढलेली कंपनी आता मॅकमॅहनच्या जुन्या घराला सरावाची जागा पुरवते. ही सोय आज दोन मालकांच्या वह्यांत जमेला आहे. त्या रिंगमध्ये रोज पाठीवर पडणाऱ्या पोरांनी करारावर सही करताना या दोन्ही वह्यांबद्दल विचारायला हवं, आणि विचारायची सोय त्यांना अजून कुणी करून दिलेली नाही.